जोत्याच्या धन्याचा कौल

चिनलान भाजीवालीपाशी उभी राहून कोबीचा गड्डा हातात जोखत होती, तेवढ्यात तेशिंगचा फोन आला. तेशिंग तिचा धाकटा भाऊ. राहणार तायपेईला, आणि बहीण आठवणार सणासुदीला. सण तर जवळपास कुठला नव्हता. "ताई, गुरुवारी घर पाडायचंय," तो म्हणाला. "तू ये. जोत्याच्या धन्याचे आभार मानायला हवेत, आणि ते आमच्यात कोणालाच येत नाही." कशी आहेस, गुडघा कसा आहे, काही नाही. पाडायचंय हा शब्द त्याने असा उच्चारला, जसं एखाद्याने भिंतीला रंग द्यायचाय म्हणावं. तिने विचारलं, "कोणतं घर?" तो हसला. "अगं, आपलं! दुसरं कोणतं?" आपलं! कोबीचा गड्डा तिने इतक्या जोरात ढिगावर ठेवला की भाजीवाली म्हणाली, "मावशी, घ्यायचा नसेल तर नका घेऊ, पण त्याच्यावर का राग काढता?" चिनलानने तो मुकाट्याने घेतला. घरी येऊन चिरायला बसली तर आत पोकळ निघाला. त्या दिवशी तिला जगातल्या एकूण एक माणसाचा राग आला होता आणि त्यात तिला काही गैर वाटलं नाही.

आपलं म्हणे. काओश्योंगहून ताइनानला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून ती तोच शब्द चघळत राहिली. नऊ वर्षांपूर्वी आई गेली, त्यानंतर चाळिसाव्या दिवशी तेशिंग कागद घेऊन आला होता. हक्कसोडीचे कागद. मुलींनी शिक्का मारायचा असतो, सगळ्याच घरांत मारतात, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. शेजारच्या तिघी बहिणींनी मारला होता, मावशीने मारला होता, आईने तिच्या काळात मारला होता. तेशिंगची बायको श्यूमान चहा ओतत म्हणाली होती, "ताई, नुसता एक सोपस्कार आहे." आणि तेशिंग म्हणाला होता, "तू राहा ना इथेच, तुला कोण काढतंय?" तिने खणातून आपल्या नावाचा शिक्का काढला, लाल शाईत बुडवला आणि जिथे जिथे त्याने बोट ठेवलं तिथे तिथे दाबला. सात ठिकाणी. हात थरथरला नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस खटकत राहिलं. थरथरायला हवा होता मेला! वर्षभराने फोन आला की खालचा मजला दुधाच्या चहाच्या दुकानाला भाड्याने दिलाय, त्यांना वरच्या खोल्याही मालासाठी हव्यात, तर ताई, तू बघ ना कुठेतरी. कुठेतरी बघ! जणू हरवलेली छत्रीच शोधायची होती. तिने बघितली. काओश्योंगच्या बंदराजवळ एक खोली, खाली धुलाईचं दुकान, त्या दुकानातच कपड्यांना इस्त्री करायचं काम. आठ वर्षं झाली. तक्रार नव्हती, म्हणजे तक्रार ऐकायला कोणी नव्हतं.

आणि आता म्हणे आभार मान. घर त्याचं, विकणारा तो, पाडणारा तो, आणि आभार कोणी मानायचे? तर हिने. कारण तेशिंगला देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या पाट्यांपुढे उदबत्ती कशी लावायची ते येतं. मुलगा आहे ना, लहानपणी बापाने हात धरून शिकवलं. पाट्या त्याने आई गेल्यावर लगेच तायपेईला नेल्या, मोठ्या समारंभाने, टॅक्सीत मांडीवर घेऊन. पण जोत्याचा धनी पाटीवर नसतो. त्याला नाव नाही, कूळ नाही. आपल्याआधी त्या जागी जो कोणी राहून गेला, ज्याचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही, तो धनी. तो स्वयंपाकघरात असतो आणि त्याचं बायकाच बघतात. सणाच्या दिवशी दुपारी, दिवाणखान्यातली पूजा आटपली, पुरुष जेवून आडवे झाले की आई हळूच म्हणायची, "चल गं, आता त्या बिचाऱ्याचं बघू." मग दोघी स्वयंपाकघराच्या दारात बुटकं टेबल मांडायच्या. बुटकंच हवं, धनी ठेंगणा असतो, उंच टेबलावरचं त्याला दिसत नाही. भात, एक भाजी, कोंबडीची तंगडी, दोन जोड्या काड्या, कारण त्याला बायकोही असते. तीन इवल्या पेल्यांत तांदळाची दारू. तोंड घराच्या आत करून बसायचं, बाहेर नाही, बाहेर तोंड केलं तर रस्त्यावरचे भलतेच येऊन जेवून जातात. मग नाव सांगायचं, पत्ता सांगायचा. आई म्हणायची, "पत्ता नीट सांग हो, त्याला वाचता येत नाही, पण ऐकू येतं." चिनलानला तो लहानपणापासून आवडायचा. त्याला सगळे विसरायचे म्हणून आवडायचा. आणि पुढे, लग्न व्हायचं राहून गेलं, वय चाळिशीपार गेलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलीही पाटी कधी त्या देव्हाऱ्यात लागणार नाही. बिनलग्नाच्या मुलीची लागत नाही. आपण मेल्यावर कुठे, या प्रश्नाला तिने मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं होतं: स्वयंपाकघरात, बुटक्या टेबलाशी, धन्याच्या शेजारी. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. वेडीच म्हटलं असतं.

गल्ली तीच होती आणि नव्हतीही. समोरच्या शिंप्याच्या जागी कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आलं होतं. घरापुढे लोखंडी पत्रे उभे केले होते, आणि पत्र्यांमागे पिवळं मशीन मान खाली घालून थांबलं होतं. आठ फूट रुंद घर, मागे लांबच लांब गेलेलं. त्याला पाडायला एवढं मोठं धूड कशाला, असं तिला वाटलं, आणि तिला घराच्या वतीने अपमान वाटला. तेशिंग पुढे आला. त्याचे केस आता अगदीच विरळ झाले होते. "आलीस! बरं झालं. जेवलीस?" श्यूमानने पिशवी पुढे केली. "ताई, मी सगळं आणलंय बरं का. दुकानातून तयार डबा घेतला, तंगडीचा." तयार डबा! कागदाच्या खोक्यात, बाजूला पिवळ्या मुळ्याचा तुकडा आणि रबरबँड. चिनलानने स्वतःच्या पिशवीतून स्वतः शिजवून आणलेला डबा काढला, आणि श्यूमानच्या डब्याकडे असं बघितलं की श्यूमानने तो मुकाट पाठीमागे धरला.

पाडकामाचा ठेकेदार लाय मुकादम पायरीवर बसून सुपारी चघळत होता. साठीचा, रुंद खांद्यांचा. तिला पाहून उठला. "मोठ्या बाई, तुम्हीच का? बरं झालं आलात. मी यांना सांगितलंय, धन्याने हो म्हटल्याशिवाय मी मशीन लावत नाही. एकदा लावलं होतं. माझ्या मेहुण्याचं बोट गेलं." त्याने बोट दाखवलं, स्वतःचं, शाबूत असलेलं. "यांना म्हटलं तुम्हीच टाका कौल, तर म्हणतात येत नाही. मला तर बाई नवलच वाटलं. स्वतःच्या घराचा कौल टाकता येत नाही!" तेशिंग कसनुसं हसला. "अहो, ते बायकांचं असतं." लाय म्हणाला, "असेल बुवा. पण उन्हं कलायच्या आत उरका. अंधारात धनी हलत नाही आणि मीही नाही."

आत गेल्यावर पहिल्यांदा तिला वास आला नाही, म्हणून ती थांबली. या घराला मासळीचा वास असायचा. बाप पुढच्या भागात पहाटे मासळीची पेज विकायचा, तो गेल्यावर आई आणि ती. पहाटे तीनला उठून मासे साफ करायचे, पाचला चूल, आठपर्यंत भांडं रिकामं. खवले उडून भिंतीला चिकटायचे आणि दुपारच्या उन्हात चमकायचे. शाळेत बाकावरच्या मुली तिच्यापासून लांब सरकायच्या. किती शरम वाटायची तेव्हा, आणि आता तो वास शोधत ती नाक वर करून उभी होती. चहावाल्यांनी भिंतींना गुळगुळीत गुलाबी पत्रा मारला होता. त्यावर मोठा हसरा कप. चीड आली. घराला कोणीतरी भलत्याच बाईचे कपडे घातले होते. मधल्या चौकात मात्र वरून उजेड तसाच पडत होता. इथे आई आजारपणात दुपारी खुर्ची टाकून बसायची. अकरा वर्षं. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, पण ऊन कोणत्या फरशीवर आलं ते तिला कळायचं आणि ती डाव्या हाताने खूण करायची, की खुर्ची सरकव. दर अर्ध्या तासाने चिनलान खुर्ची सरकवायची. तेशिंग वर्षातून दोनदा यायचा, हे सगळं बघायचा आणि म्हणायचा, "आई किती छान दिसतेय!" छान दिसणारच. धुतलेली, पुसलेली, केस विंचरलेली, पाठीला जखम नाही. अकरा वर्षांत एक जखम नाही. कोणी विचारलं होतं का एकदा तरी, की ताई, तुझी पाठ कशी आहे?

स्वयंपाकघराला चहावाल्यांनी हात लावला नव्हता. तिथे ते खोकी ठेवायचे. फरशी जुनीच, दगडी ठिपक्यांची, पायाला थंड. तिने चपला काढल्या. तळव्याला गारवा लागला आणि ती दोन्ही पाय नीट टेकवून उभी राहिली. रडायला नव्हतीच आली ती. ती खरं तर काय करायला आली होती हे तिला बसमध्येच उमगलं होतं. ती आली होती नकार घ्यायला. धन्याने नाही म्हणावं, एकदा, दोनदा, दहादा. लायने मशीन परत न्यावं. तेशिंगचा चेहरा उतरावा. या घरात कोणीतरी एकदा नाही म्हणावं! तिने स्वतः म्हटलं नव्हतं, आईला म्हणता येत नव्हतं, मग उरला कोण?

"तुम्ही बाहेर थांबा," ती दोघांना म्हणाली. दार ओढून घेतलं. बुटक्या टेबलाऐवजी एक खोकं पालथं घातलं. भात, भाजी, तंगडी, काड्यांच्या दोन जोड्या, तीन पेले. उदबत्त्या लावल्या. आत तोंड करून गुडघ्यांवर बसली आणि नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पत्ता तोंडातून आपसूक आला, गल्लीच्या आकड्यासकट. मग ती म्हणाली, "धनी, हे घर पाडणार म्हणतात. मी आभार मानायला आलेय." शब्द कोरडे निघाले. मनात नुसतं होतं: नाही म्हणा. नाही म्हणा. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत ती तशीच बसली. मग बांबूच्या मुळाचे दोन चंद्रकोरी तुकडे हातात घेतले, एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही फुगीर बाजू वर म्हणजे नाही. दोन्ही सपाट म्हणजे तो हसतोय, त्याला कळलंच नाही. एक अशी, एक तशी, तर हो. "तुमची परवानगी आहे का?" म्हणून तिने टाकले. एक सपाट, एक फुगीर.

पहिल्याच फेकीला. तिला खरंच वाटेना. वाकून जवळून बघितलं. हो तर हो. सत्तेचाळीस वर्षं हा आईच्या आणि तिच्या, मग तिच्या एकटीच्या हातचं जेवला. बाप गेला त्या वर्षी घरात तांदूळ नव्हता, तेव्हा याच्यासाठी शेजारून मागून आणला होता. आणि एकदा विचारलं, तर हो! थोडं अडखळावं, थोडं हसून टाळावं, तेही नाही. "एवढंच?" ती मोठ्याने म्हणाली. "एवढंच का मग?" ताटातल्या तंगडीवरून उदबत्तीचा धूर जात होता. अपमानाने तिचे कान तापले. भावाने काढलं ते समजू शकत होतं, तो भाऊ होता, त्याला बायको होती, कागद होते. पण याने? हा तर तिच्यातला होता. तिने तुकडे उचलून पदरात टाकावेत तसे खिशात टाकले, दार उघडलं आणि स्वतःच्याच आवाजाला ऐकत म्हणाली, "नाही म्हणतो."

तेशिंगचा चेहरा खरोखर उतरला. किती सोपं होतं ते! "नाही? किती वेळा टाकलास?" "दोनदा." लायने सुपारी थुंकली आणि मशीनवाल्या माणसाला हाताने खूण केली, की बस खाली. श्यूमान कुजबुजली, "म्हटलं होतं ना, घाई नको." तेशिंगने घाम पुसला. "त्याला हवंय तरी काय?" चिनलानला वाटलं होतं गंमत येईल. नाही आली. देवाच्या नावाने खोटं बोलायची तिची ही पहिलीच वेळ, आणि चौसष्टाव्या वर्षी माणसाला त्याची सवय नसते. तरी ती म्हणाली, "तुझ्या तोंडून ऐकायचंय त्याला."

"मला येत नाही गं!"

"मग शीक. एकसष्टचा झालास."

तेशिंग आत आला. बुटासकट आत येत होता, तिने नुसतं खाली बघितलं, त्याने बूट काढले. गुडघे टेकताना भिंतीला धरलं. बाहेर तोंड करून बसला, तिने खांद्याला धरून वळवलं. उदबत्ती धरली ती पूर्वजांना धरतात तशी, छाती फुगवून, समारंभी. मग खाकरला. "मी को तेशिंग," त्याने पत्ता सांगितला, कागदावरचा, बरोबर. "आपण आजवर आमच्या कुटुंबाचा सांभाळ केलात. आम्ही आता ही जागा सोडत आहोत. तरी आपणही आमच्याबरोबर तायपेईला चलावं. नवव्या मजल्यावर उत्तम जागा आहे, लिफ्ट आहे." आणि तिने हातात दिलेले तुकडे टाकले. दोन्ही फुगीर. नाही.

चिनलान त्याच्याकडे बघतच राहिली. धन्याला तायपेईला बोलावतोय! पूर्वजांना बोलावतात, पाट्या उचलून नेतात. धनी कुठे येणार? तो माणसांचा नसतोच, तो जमिनीचा. लहान पोरीलाही ठाऊक असतं. त्याच्या लेखी कोणी येवो, कोणी जावो, तो तिथेच. तेशिंगने पुन्हा विनवलं, "पार्किंगही आहे हो." पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आवाज बारीक झाला. तिसऱ्यांदाही नाही. तुकडे फरशीवर गोल पाठी वर करून पडले होते आणि तेशिंग त्यांच्याकडे बघत गुडघ्यांवरून खाली बसला, मांडी घालून. "ताई," तो म्हणाला, "तो माझ्याशी बोलतच नाही गं."

हे ऐकायला ती आली होती ना? हेच तर हवं होतं. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग ते सरलं आणि नुसता थकवा उरला. "त्याला चल म्हणू नकोस," ती म्हणाली. "त्याला जाता येत नाही." आणि हे बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की त्याला जाता येत नाही आणि राहायलाही आता काही उरणार नाही, वर नव्या इमारतीचे बारा मजले येणार, आणि तरीही त्याने पहिल्याच फेकीला तिला मोकळं केलं. काढलं नाही. मोकळं केलं. कोणीतरी तिला एकदा, वेळेवर, जा म्हणालं होतं, आणि ती ते लपवून बसली होती.

"मला त्याने केव्हाच हो म्हटलं," ती म्हणाली.

तेशिंगने मान वर केली. "काय?"

"पहिल्याच फेकीला. दोनदा टाकलेच नाहीत मी."

"मग बाहेर येऊन..."

"खोटं बोलले."

"पण का ताई?"

का? कितीतरी उत्तरं तयार होती. आठ वर्षं इस्त्री फिरवता फिरवता तिने ती पाठ केली होती, सात शिक्क्यांची, अकरा वर्षांची, आईच्या पाठीला न झालेल्या जखमेची. एकही आलं नाही. "मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हा मला या घरातून जायचं नव्हतं, तेशिंग. तू विचारलंच नाहीस."

तेशिंग रडला नाही, तसला नव्हता तो. त्याने फरशीवरचे तुकडे उचलले, शर्टाला पुसले आणि तिच्या हातात दिले. दारात लाय येऊन उभा राहिला. "साहेब, ऊन चाललं. काय ठरलं? लावू का नको?" तेशिंग भिंतीला धरून उठला. "मला नका विचारू," तो म्हणाला. "तिला विचारा."

आता विचारतोय! भडकाच उडाला तिच्या डोक्यात. नऊ वर्षांनी, पाडायला! राहण्याचं नाही विचारलंस रे, पाडण्याचं विचारतोस? "बाहेर जा," ती दोघांवर ओरडली, "दोघेही जा! दहा मिनिटं मला कोणी हाक मारू नका." लायने सुद्धा मान खाली घालून पाय काढता घेतला.

ती पुन्हा आत तोंड करून बसली. उदबत्ती संपत आली होती. राग अजून होता, हातांत, मानेत, तो काही जाणार नव्हता, आणि तो घेऊनच बोलायचं होतं. "धनी," ती म्हणाली, "मी चिनलान. कौल मिळालाय, तो विचारत नाही. या फरशीवर उन्हाळ्यात दुपारी मला झोप यायची. आईने शेवटचा घास इथे खाल्ला. मला लग्नाचं बघायला आलेले लोक परत गेले तेव्हा मी इथे येऊन भांडी आपटली, तुम्ही ऐकून घेतलंत. पहाटे तीनला मला कधी भीती वाटली नाही. दुसरीकडे वाटते. माझ्या नावाचं इथे काही नव्हतं, आणि सगळं माझंच होतं. तुम्ही राहू दिलंत. फार उपकार झाले." तिने कपाळ फरशीला टेकवलं. गार होती. मग तिने तीन पेल्यांतली दारू चारी कोपऱ्यांत थोडी थोडी शिंपडली, काड्या गोळा केल्या, चपला हातात घेतल्या आणि दारात एकदा मागे वळली.

"जाते मी," ती म्हणाली.